छातीवरची ढाल आणि लेबलावरचा आकडा

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हापासून मातीच्या ट्रॅकवरील मोटारसायकल शर्यतींविषयी येणाऱ्या पत्रांत भर पडली आहे. त्यांपैकी कमरेच्या वरच्या भागाच्या संरक्षणाविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. हेल्मेट, गुडघे आणि बूट यांच्यासाठी स्वतंत्र अंक लागेल.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून गेल्या वर्षापासून डर्ट ट्रॅकवर सराव करतो. दुकानात आम्हाला दोन प्रकारची चेस्ट गार्ड दाखवण्यात आली. एक कडक प्लॅस्टिकचे, जर्सीवरून घालायचे आणि दिसायला भक्कम. त्याच्या लेबलावर ईएन १४०२१ असे आहे. दुसरे पातळ व मऊ, बंडीसारखे आतून घालायचे; त्यावर ईएन १६२१-२ आणि ईएन १६२१-३ असे दोन आकडे आहेत, आणि ते महागही आहे. दुकानदारांच्या मते दोन्ही 'सीई' असल्यामुळे फरक फक्त आवडीचा आहे. आम्ही कोणते घ्यावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : फरक आवडीचा नाही, कामाचा आहे. सीई या दोन अक्षरांचा अर्थ एवढाच, की वस्तू युरोपीय नियमांप्रमाणे असल्याचे उत्पादकाने जाहीर केले आहे. ती वस्तू कोणत्या माऱ्यापासून वाचवते हे त्या अक्षरांशेजारच्या आकड्यावरून कळते, आणि आपण तो आकडा पत्रात लिहून पाठवला म्हणून उत्तर देणे सोपे झाले.

ईएन म्हणजे युरोपीय मानक, आणि ईएन १४०२१ हे २००३ चे मानक दगड-खड्यांपासून बचाव करणाऱ्या ढालींसाठी आहे. पुढच्या गाडीचा नॉबी, म्हणजे जाड गाठींचा, टायर माती खरवडून मागे फेकतो आणि तिच्याबरोबर खडे सुटतात. चालक त्याला 'रूस्ट' म्हणतात. आपल्याकडचे बरेच ट्रॅक मुरूम टाकून केलेले असतात. सकाळी टँकरने पाणी मारलेले असते तोवर माती बसलेली राहते, पण दुपारच्या फेऱ्यांपर्यंत ती भुसभुशीत होऊन आतले काळ्या दगडाचे तुकडे वर येतात, आणि स्टार्टनंतरच्या पहिल्या वळणावर मागे राहिलेल्या मुलाच्या छातीवर ते गोफणीतून सुटल्यासारखे आदळतात. त्यासाठी कडक ढाल उत्तम. मात्र मुलगा टेबल-टॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून, चुकीचा उतरून हँडलवर छातीने आपटला, किंवा पाठीवर पडला, तर त्या धक्क्याची परीक्षा या मानकात घेतलेली नसते.

ती परीक्षा १६२१ या मालिकेत घेतली जाते. त्यातील पहिला भाग खांदे, कोपर, गुडघे अशा सांध्यांच्या पॅडसाठी आहे, दुसरा पाठीसाठी आणि तिसरा छातीसाठी. सांध्यांच्या आणि पाठीच्या चाचणीत ५० जूल ऊर्जेचा घाव, म्हणजे सुमारे पाच किलोचे वजन मीटरभर उंचीवरून सोडल्यावर बसेल तेवढा, पॅडवर घालतात आणि पॅडखाली किती बल पोहोचले ते मोजतात. पाठीच्या पॅडमधून सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत बल आले तर तो लेव्हल १ आणि ९ किलोन्यूटनपर्यंतच आले तर लेव्हल २ ठरतो. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचा भार, हे लक्षात घेतले की लेव्हल १ आणि लेव्हल २ यांत केवढे अंतर आहे ते उमगते.

म्हणून आपल्यासमोर हे दोनच पर्याय असतील, तर माझे मत निःसंशय त्या बंडीच्या बाजूने आहे. खडा लागल्याची कळ तीत अधिक जाणवेल, परंतु मोठी दुखापत बहुधा पडण्यातून होते. बाहेरून कडक पत्रे आणि आतून १६२१ चे प्रमाणित पॅड अशी दोन्ही कामे करणारी साधनेही मिळतात. आणखी एक-दोन दुकाने पाहण्याची तयारी असेल तर ती जरूर शोधावीत. मुलगा अधिकृत शर्यतीत उतरणार असेल, तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेच्या मान्यतेने होणाऱ्या त्या शर्यतीची पुरवणी नियमावली खरेदीपूर्वीच मागवून घ्यावी, कारण तपासणीच्या टेबलावर आपली आवड चालत नाही, नियमावलीतील आकडा चालतो.

मापाविषयी एक विनंती. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची आपल्या घराघरांतील रीत येथे कटाक्षाने सोडावी. सैल ढाल पडताना फिरते, आणि फिरलेली ढाल जिथे घाव बसतो तिथे नसते. पाठीच्या पॅडचे माप उंचीवरून किंवा छातीच्या घेरावरून न ठरवता कमरेपासून खांद्यापर्यंतच्या अंतरावरून ठरवावे; चांगल्या पॅडच्या लेबलावर हे अंतर सेंटिमीटरमध्ये छापलेले असते. घरून मोजपट्टीने मोजून आकडा लिहून न्यावा. दुकानात मुलाला हेल्मेट घालूनच ढाल चढवावी, आणि आरशासमोर सरळ उभे न करता गाडीवर उभ्याने चालवताना असते तशी स्थिती घ्यायला सांगावी, म्हणजे गुडघे वाकलेले, कंबर मागे, कोपरे वर आणि बाहेर. या स्थितीत त्याने दूर समोर पाहिले असता हेल्मेटची मागची कड पाठीच्या पॅडवर टेकता कामा नये, आणि मान खाली घातली असता हनुवटीची पट्टी छातीच्या पॅडवर अडता कामा नये. नंतर सर्व पट्टे आवळून ढाल खालून वर ढकलून पाहावी. ती गळ्यापर्यंत सरकली तर माप मोठे आहे. शेवटी त्याला जागच्या जागी वीस-पंचवीस उड्या मारायला लावून श्वास मोकळा येतो का ते विचारावे. दुकानदार हसतील, हसू द्यावे.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगितलीच पाहिजे. मुलांच्या छातीचा पिंजरा लवचीक असतो, आणि हृदयाच्या ठोक्यातील एका नेमक्या क्षणी हृदयावर बसलेल्या फारशा जोरदार नसलेल्या आघातानेही त्याची लय बिघडू शकते. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण ढालीमुळे तो टळतोच असे मानू नये. सरावाच्या जागी हृदयाला विद्युत धक्का देणारे स्वयंचलित यंत्र आणि ते वापरू शकणारा माणूस आहे का, हे आयोजकांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. गाडीच्या हँडलवर आडवे पॅड आहे का आणि हँडलची टोके ग्रिपने पूर्ण झाकलेली आहेत का, हेही पाहावे. ग्रिप फाटून आतली नळी उघडी पडलेले हँडल पोटात घुसले तर कोणतीही बंडी पुरी पडत नाही.

प्रश्न : मागील हंगामात माझे उजवे कॉलरबोन (गळ्याखालचे खांद्यापर्यंतचे हाड) मोडले. त्या वेळी अंगात फक्त चेस्ट गार्ड होते. आता मी पूर्ण बाह्यांचे आर्मर जॅकेट घेण्याच्या विचारात आहे. त्यावर 'लेव्हल २ प्रोटेक्शन' असे ठळक लिहिलेले आहे. त्याने कॉलरबोन वाचेल का?
— एक स्पर्धक, नाशिक

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'बहुधा नाही' असे आहे, आणि ते देताना मला आनंद होत नाही. कॉलरबोन अनेकदा थेट घाव बसून मोडत नाही. पडताना खांद्याचे टोक जमिनीवर आपटते, किंवा आपण स्वतःला सावरण्यासाठी हात पुढे टाकतो, आणि तो सारा भार खांद्यामार्गे छातीच्या हाडाकडे ढकलला जातो. मधे वाकड्या काठीसारखे असलेले हे हाड तो भार सोसत नाही. खांद्यावरचे पॅड थेट आपटण्याचा जोर कमी करते, तेव्हा त्याचा काही उपयोग होतो. पण हातावाटे आलेल्या भारापुढे ते निरुपयोगी आहे. पडताना हात आखडून घेऊन खांद्याच्या मागल्या बाजूवर लोळण घेण्याचा सराव कुस्तीच्या मातीत किंवा जुदोच्या मॅटवर करता येतो, आणि कॉलरबोनच्या बाबतीत मी त्यावर जॅकेटइतकाच विश्वास ठेवीन.

आता 'लेव्हल २' या ठळक अक्षरांकडे वळू. हे वाक्य जॅकेटमधील कोणत्या पॅडविषयी आहे, ते आधी पाहा. सांध्यांच्या पॅडसाठी लेव्हल १ ची सरासरी मर्यादा ३५ किलोन्यूटन आणि लेव्हल २ ची २० किलोन्यूटन आहे. पाठीसाठी लेव्हल १ चीच मर्यादा १८ आहे. म्हणजे कोपराचे 'लेव्हल २' पॅड पाठीच्या 'लेव्हल १' पॅडपेक्षा अधिक बल आत जाऊ देऊनही उत्तीर्ण होते, आणि त्यात गैर काही नाही, कारण सांध्यांचे आणि पाठीचे मोजमाप निराळे ठेवले आहे. गैर होते ते विक्रीच्या टेबलावर. खांद्याला व कोपराला प्रमाणित लेव्हल २ पॅड, पाठीच्या खिशात मात्र गादीतल्यासारखा साधा फोम, आणि पाकिटावर सरसकट 'लेव्हल २', अशी जॅकेटे मी हाताळलेली आहेत. चेन उघडून प्रत्येक पॅड बाहेर काढावे. पॅडवरच मोटारसायकलस्वाराचे चित्र, मानकाचा आकडा, लेव्हल आणि भागाचे अक्षर उमटवलेले असते. खांद्यासाठी एस, कोपरासाठी ई. पाठीच्या पॅडवर एफबी असेल तर ते खांद्याच्या फऱ्यांसह पूर्ण पाठ झाकते, सीबी असेल तर फक्त मधला पट्टा, आणि एलबी असेल तर कमरेपुरता भाग. ज्या पॅडवर काहीच उमटवलेले नाही, त्याला मी फोमच म्हणतो.

पाठीच्या पॅडकडूनही भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. मणक्यांच्या गंभीर दुखापती बऱ्याचदा पाठीवर थेट घाव बसून होत नाहीत. अंग जोरात दुमडल्याने, पिळवटल्याने किंवा डोक्यावर अथवा नितंबांवर आपटून मणके एकमेकांवर दाबले गेल्याने त्या होतात, आणि तिथे पॅड काही करू शकत नाही. दगडावर, गाडीच्या पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यावर) किंवा मागून येणाऱ्या चाकाखाली पाठ आली, तर मात्र बरगड्या व मूत्रपिंडे यांच्यासाठी तेच पॅड मोलाचे ठरते.

जॅकेट की सुटे भाग, या वादात माझा कल सुट्या भागांकडे आहे, म्हणजे छाती-पाठीची प्रमाणित बंडी आणि सोबत कोपराचे घट्ट बसणारे गार्ड. पूर्ण जॅकेट अंगावर नेटके राहते आणि काही विसरण्याचा प्रश्न येत नाही. पण त्याच्या बाह्या मनगटापाशी आणि पुढल्या हाताला आवळल्या, तर दहाव्या मिनिटाला हात दगडासारखे होतात, ज्याला सगळे 'आर्म पंप' म्हणतात. क्लच-ब्रेकवर बोटे वळेनाशी झाली की पडण्याची शक्यताच वाढते. आपल्याला मात्र खांद्याची धास्ती आहे, आणि धास्ती मनात असताना कोणी मोकळेपणाने चालवू शकत नाही. तेव्हा खांद्याच्या पॅडसह आखूड बाह्यांची बंडी मिळाली, तर ती तडजोड मला पटेल. हाडात अजून प्लेट असेल, तर पॅडची कड किंवा पट्टा नेमका त्यावर येत नाही ना, हे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना बंडी दाखवूनच ठरवावे.

प्रश्न : मित्राकडून वापरलेला नेक ब्रेस, म्हणजे मानेभोवती घालायचे संरक्षक कडे, स्वस्तात मिळत आहे. माझ्याकडे आधीच छाती-पाठीचे आर्मर आहे. दोन्ही एकत्र घालता येतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घालता येतात, पण कोणताही ब्रेस कोणत्याही आर्मरवर बसत नाही. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. ख्रिस लिएट यांच्या नावाने रूढ झालेल्या या साधनामागील कल्पना अशी, की मान धोक्याच्या मर्यादेपलीकडे वाकण्यापूर्वीच हेल्मेटची कड ब्रेसवर टेकावी आणि भार खांदे, छाती व पाठ यांच्याकडे वळावा. त्यासाठी ब्रेस थेट अंगावर किंवा त्याच्यासाठीच जागा सोडलेल्या आर्मरवर बसायला हवा. जाड पाठीच्या पॅडवर चढवलेला ब्रेस वर उचलला जातो, मग हेल्मेट सतत त्यावर आपटत राहते आणि उतारावर समोर पाहणेही अवघड होते. त्यामुळे आधी ब्रेस, मग त्याला जुळणारी बंडी, असा क्रम ठेवावा. आपला क्रम उलटा झालेला आहे.

नेक ब्रेस घालावा की नाही, यावर चांगल्या चालकांतही दोन तट आहेत आणि मी त्यात न्यायाधीश होणार नाही. वापरलेला ब्रेस मात्र मी घेणार नाही. कार्बन किंवा प्लॅस्टिकच्या सांगाड्यातील बारीक भेग वरून दिसत नाही, आणि मित्राने तो कधी आपटला होता हे मित्रालाही आठवेलच असे नाही.

प्रश्न : मी गेली तीन वर्षे रॅली आणि डर्ट ट्रॅक दोन्ही करते. मिळणारी सर्व चेस्ट गार्ड पुरुषांच्या सपाट छातीसाठी केलेली वाटतात. घट्ट केले तर दुखते, सैल ठेवले तर हलते. काय करावे?
— एक स्पर्धक, पुणे

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ मध्ये एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या बाजा (कच्च्या वाटांवरील छोट्या रॅलींच्या) विश्वचषकातील महिलांचे जेतेपद मिळवले, तरी आपल्या दुकानांतील मांडण्या अजून 'लहान साइझ म्हणजे बायकांचा साइझ' याच समजुतीवर भरलेल्या आहेत. सपाट कडक पत्रा मधोमध टेकतो, कडांना उचललेला राहतो, आणि घाव बसला की त्याच कडा बरगड्यांत रुततात.

कडक एकसंध पत्र्याऐवजी अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन आकार घेणारे पॅड असलेली बंडी, किंवा छातीचे पॅड डावे-उजवे असे दोन भागांत असलेली बंडी पाहावी. दोन भागांच्या पॅडमध्ये मधली फट छातीच्या हाडावर येते, म्हणून ती फट किती रुंद आहे ते बोट घालून तपासावे. बाजूचे पट्टे बगलेखाली एक आणि कमरेजवळ एक असे दोन स्वतंत्र असावेत, म्हणजे वर सैल व खाली घट्ट असे जुळवता येते. रोजच्या सरावाची स्पोर्ट्स ब्रा घालूनच माप पाहावे, कारण तिच्या जाडीने आणि हुकांच्या जागेने बराच फरक पडतो. पाठीच्या पॅडखाली धातूचा हुक येणार नाही, हेही बघावे. पुरुषांच्या बंडीतील पॅड कापून आकार देण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. कापलेल्या पॅडवरचे प्रमाणपत्र तिथेच संपते.

प्रश्न : नागपूरच्या उन्हात आर्मर घालून चालवणे म्हणजे शिक्षा आहे. शिवाय हे मऊ पॅड उन्हात आणखी लिबलिबीत होतात. अशा वेळी ते काम करतात का? त्यापेक्षा वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या डकार रॅलीत असते तशी, आघाताच्या वेळी फुगणारी एअरबॅग बरी नाही का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. डी३ओसारखे पदार्थ एरवी मऊ असतात आणि आघाताच्या क्षणी ताठ होतात. तापमानाचा त्यांच्या वागण्यावर परिणाम होतो. म्हणूनच सांध्यांच्या पॅडसाठी असलेल्या ईएन १६२१-१ मध्ये ४० अंश सेल्सियसला एक ऐच्छिक चाचणी ठेवलेली आहे, आणि ती उत्तीर्ण झालेल्या पॅडवर टी आणि अधिक चिन्ह असते. उणे १० अंशांच्या चाचणीसाठी टी आणि उणे. नागपूरकरांनी, आणि खरे तर विदर्भ-मराठवाड्यातील प्रत्येकाने, टी-अधिक पाहूनच पॅड घ्यावे. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत काळ्या बॅगेत आर्मर ठेवले, तर ते ४० अंशांच्या कितीतरी पुढे जाते, तेव्हा दोन फेऱ्यांच्या मधे ते सावलीत, वाऱ्यावर टांगावे. भोके असलेले पॅड आणि जाळीची जर्सी यांनी चालत्या गाडीवर बरे वाटते, पण स्टार्टच्या रांगेत नाही. तिथे शेवटच्या मिनिटापर्यंत चेन उघडी ठेवणे आणि बंडीखाली ओला, पातळ बनियन घालणे, हे साधे उपाय मी स्वतः करतो.

एअरबॅगविषयी. डकार रॅलीत २०२१ पासून मोटारसायकलस्वारांना एअरबॅग बंडी सक्तीची आहे. मात्र रॅलीतले तासन् तास वेगात अंतर कापणे वेगळे आणि बंद ट्रॅकवर दर फेरीला डझनभर उड्या मारणे वेगळे. गाडीला दोरीने जोडलेली यांत्रिक एअरबॅग चालक गाडीपासून दूर गेला की फुगते. मोटोक्रॉसमध्ये चालक सतत उभा राहतो, मागे झुकतो, त्यामुळे दोरीचा हिशेब बसत नाही. इलेक्ट्रॉनिक प्रकारात शर्यतीतील मुद्दाम मारलेली उडी आणि खरे पडणे यांतला फरक यंत्राला ओळखता यायला हवा, म्हणून उत्पादकाने ते कोणत्या प्रकारच्या चालवण्यासाठी बनवले आहे हे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय घेऊ नये. एकदा फुगल्यावर गॅसची नळकांडी बदलण्याचा खर्चही धरावा. आणि एअरबॅग डोक्याला वाचवत नाही. त्याच २०२१ च्या डकारमध्ये आपले मोटारसायकलस्वार सी. एस. संतोष पडले, तेव्हा त्यांना डोक्याचीच गंभीर दुखापत झाली. माझ्या मते क्लब पातळीवरील चालकाने तो पैसा आधी पाठीच्या लेव्हल २ पॅडवर आणि चांगल्या हेल्मेटवर घालावा.

प्रश्न : पावसाळ्यात चिखलात चालवल्यावर आर्मर दोन-दोन दिवस वाळत नाही आणि आता त्याला बुरशीचा वास येऊ लागला आहे. वॉशिंग मशीनमध्ये टाकले तर चालेल का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : पॅड आत असताना कधीही टाकू नये. सर्व पॅड काढून कोणते कुठले ते पेनाने खूण करून ठेवावे. डावे-उजवे उलटे बसवून शर्यतीला आलेले लोक मी पाहिले आहेत. जाळीचे कापड कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावे आणि पॅड ओल्या फडक्याने पुसावेत. पेट्रोल, थिनर किंवा चेन साफ करण्याचा द्राव पॅडला लावू नये, त्याने फोम आतून खराब होतो. कडक उन्हात वाळवण्यापेक्षा पंख्याखाली वाळवावे, आणि गोव्याच्या जुलैत पंख्याला दोन दिवस लागणारच, म्हणून शक्य असल्यास कापडाचा एक जादा जोड ठेवावा. बुरशीचे काळे ठिपके कापडावर असतील तर ते धुऊन जातील. फोमच्या आत गेले असतील, किंवा पॅड दाबल्यावर पूर्ववत न फुगता खड्डा तसाच राहत असेल, तर ते पॅड बदलावे. त्याच मापाचे सुटे पॅड मिळत असतील तर पूर्ण बंडी टाकण्याची गरज नाही.